आयर्विनला किती?

पावसाळ्यात सांगलीत दोन ओळखीची माणसं भेटली की आधी पुलाखालच्या पाण्याची चौकशी होते. "आयर्विनला किती?" उत्तर फुटांत. ४० म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. ४० ऐकलं की खालच्या गल्ल्यांत शेगड्या, गाद्या आणि पोरांची दप्तरं माळ्यावर चढायला लागतात.

संस्थानिक चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांच्या काळातला हा दगडी कमानींचा पूल. १९२९ च्या नोव्हेंबरात व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन स्वतः सांगलीत आला आणि त्याच्या हस्ते पूल खुला झाला. पुढच्याच मार्चमध्ये गांधीजी दांडीला निघाले, त्याच्या पुढच्या मार्चमध्ये याच आयर्विनला त्यांच्याशी करार करावा लागला. साहेब विलायतेला गेला, नाव मात्र कृष्णाकाठी रुळलं.

माझ्या आजीचं माहेर पलीकडच्या तीरावर, सांगलवाडीत. पूल होण्याआधीचं तिला थोडंफार आठवायचं. बाकीचं तिनं तिच्या आईकडून ऐकलेलं. वडील वांग्यांच्या पाट्या घेऊन पहाटे नावेत बसायचे. उन्हाळ्यात पात्र आटलेलं असे, काही अडत नसे. आषाढात कृष्णामाई तांबडी झाली की नावाडी काठावर बसून विडी ओढायचा आणि मान हलवायचा. वांगी घरातच सडायची. वांग्यांचं दुःख आजी दोन वाक्यांत संपवायची. तिची थोरली आत्या बाळंतपणात अडली ती अशाच एका रात्री. पलीकडे सांगलीचे दिवे दिसत होते, आणि नाव सोडायला कुणी धजेना. आत्या गेली, मूल वाचलं. "नदी दिसायला एवढीशी," असं म्हणून आजी हात पसरून दाखवायची आणि पुढं बोलायची नाही.

उद्घाटनाच्या दिवशी तिला वडिलांनी खांद्यावर घेतलं होतं. तरी व्हाइसरॉय काही दिसला नाही. दिसले ते पटके आणि घोड्यांचे कान. पुलाच्या मजबुतीची खात्री पटावी म्हणून आधी त्यावरून हत्ती चालवले, असंही ती छातीठोकपणे सांगे. मला शंका आहे. हत्तीची गोष्ट जुन्या पुलांना बहुधा चिकटतेच, आणि सांगलीत तर गणपतीच्या देवळाचा हत्ती सगळ्यांच्या लाडाचा होता!

गेल्या पावसाळ्यात काकांबरोबर पुलावर गेलो. शेजारी आता नवा समांतर पूल झाला आहे. कठड्याशी नेहमीसारखी गर्दी होती. पाणी चढलं की सांगलीकर ते बघायला येतोच, आणि पट्टीचे पोहणारे पुलावरून उड्या टाकतात. काका वाकून खांबावरचे आकडे वाचत होते. त्यांच्या पिढीचे पूर या आकड्यांनी ओळखले जातात: २००५ चा जवळजवळ ५४ फुटांचा, २०१९ चा ५७.५ चा, २०२१ चा ५५ च्या आसपासचा. २००५ ला हरिपूर-सांगलवाडीकडची हळदीची पेवं पाण्याखाली गेली. २०१९ ला ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली बोट उलटली, बायका-मुलं बुडाली. पूल होऊन नव्वद वर्षं झाली होती, आणि लोक पुन्हा नावेच्याच भरवशावर होते.

कोयना धरणातून किती पाणी सोडलं, अलमट्टी धरणाची फूग कुठवर आली, यावर पुलावर उभं राहून तासन्‌तास वाद होतात. मला त्या वादात फार रस नाही. नदीच्या पूररेषेत आपण घरं बांधली, ही गोष्ट त्यात कुणी काढत नाही, म्हणून.

आजीच्या पुरांना मात्र आकडे नव्हते. "पाणी आपल्या उंबऱ्याला लागलं होतं, मी नऊवारी वर खोचून पाट्यावर बसले होते," एवढंच. ते घर पडलं, उंबरा गेला. आता ते पाणी किती फुटांचं होतं, हे कोण सांगणार? काकांनी शहाणपणा केला: २००५ आणि २०१९ दोन्हीच्या रेघा जिन्याच्या भिंतीवर ऑइल पेंटनं ओढून साल लिहिलं. रंग काढताना त्यावर चुना मारू देत नाहीत.

कृष्णाकाठी ज्यांची घरं आहेत त्यांना एवढंच सांगणं आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला या दिवाळीत भिंतीपाशी न्या, पाणी कुठवर आलं होतं ते बोटानं दाखवायला सांगा, आणि तिथं रेघ मारून साल लिहा.