विरी, करवंटी आणि दट्ट्यांची पेटी

रायगडच्या किनाऱ्यावर बोर्ली दोन आहेत. एक मुरूड तालुक्यातली बोर्ली मांडला, दुसरी श्रीवर्धन तालुक्यातली बोर्ली पंचतन. दिवेआगरला निघालेले पर्यटक या दुसऱ्या बोर्लीच्या बाजारपेठेतून पुढे जातात. आसपासच्या गावांचा किराणा, कापड, औषधे आणि जूनमधली दप्तरेही इथूनच घरोघर पोचतात. दीड-दोन वर्षांच्या पोराला खेळणे घ्यायला आलेल्या आईबापांचा सवाल इथेही तोच, जो दादरला किंवा पुण्यात असतो: खिशाला परवडेल आणि पोर त्यातून काही शिकेलही, असे काय घ्यावे? कोकण किनाऱ्यावर हा सवाल नवा नाही. त्याचे सर्वांत विचारपूर्वक उत्तर बोर्लीपासून सरळ रेषेत दोनशेहून अधिक किलोमीटर उत्तरेला, गुजरातच्या सीमेलगतच्या बोर्डीत शोधले गेले.

आधी बोर्लीकडचे पाहू. १९४८ पर्यंत हा मुलूख जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबाच्या संस्थानात होता. खाड्या आणि डोंगर यांच्यामुळे रस्त्याने कुठे जायचे म्हणजे दिवस मोडायचा, आणि मुंबईशी येणेजाणे मुख्यतः समुद्रातून. पावसाळ्यात तेही थांबायचे. गणपती-शिमग्याला येणाऱ्या चाकरमान्याच्या ट्रंकेतून एखादी चावीची पत्र्याची मोटार निघाली, तर ती कपाटात ठेवून पाहुण्यांना दाखवण्याची वस्तू. रोजचा खेळ वाडीत पडलेल्या जिनसांवर चाले.

पोफळीची झावळी गळून पडली की तिच्या बुडाशी रुंद, चिवट विरी असते. तिच्यावर धाकट्याला बसवायचे आणि थोरल्याने शेंड्याकडून धरून अंगणभर फरफटत न्यायचे, ही कोकणातली पहिली गाडी. बसणाऱ्याला तोल सांभाळावा लागतो आणि ओढणाऱ्याला वळण घ्यायला शिकावे लागते. नारळाच्या पातीची पिपाणी होते, भिंगरी होते, मनगटावरचे घड्याळ होते. करवंट्या भातुकलीत जातात. समुद्रावरून शिंपल्या आणि शंख येतात, कुंपणातून सागरगोटे. यातले काहीच विकत मिळत नव्हते, पण फुकटही नव्हते: करून देणाऱ्या आजीचा किंवा थोरल्या बहिणीचा वेळ त्यात खर्ची पडे. स्वस्त खेळण्यांचा हिशेब मांडताना ही रक्कम बहुधा धरायची राहून जाते.

तान्ह्यासाठी पाळण्यावर चिमणाळे टांगलेले असे. कापडाच्या रंगीत चिमण्या वाऱ्याने हलत आणि बाळाची नजर त्यांच्यामागे फिरे. पुढे उभे राहण्याच्या वयात सुताराकडून पांगुळगाडा यायचा. तीन चाके, वर धरायला आडवी दांडी, बस्स. या गाड्याकडे जरा थांबून पाहायला हवे, कारण आज बाजारात त्याची जागा प्लॅस्टिकच्या वॉकरने घेतली आहे आणि तो बदल सुधारणा म्हणावा असा नाही. वॉकरमध्ये मूल बसते, पायांवर पुरता भार पडत नाही, आणि ज्या वेगाला ते तयार नाही तो वेग त्याला मिळतो. पायऱ्यांवरून गडगडण्याचे अपघात इतके झाले की कॅनडाने २००४ मध्ये असे वॉकर विकायलाच बंदी घातली. पांगुळगाडा ढकलण्यासाठी मात्र मुलाला आधी स्वतःच्या पायांवर उभे राहावे लागते. गाडा जड आणि चाके थोडी कुरकुरणारी असली की तो पुढे पळत नाही. गुळगुळीत फरशीवर तोच गाडा धोक्याचा ठरतो. तो शेणाने सारवलेल्या जमिनीसाठी घडलेला होता.

विकायच्या खेळण्यांचा कोकणातला जुना पत्ता म्हणजे सावंतवाडी. तिथल्या चितारआळीत पांगाऱ्याचे हलके लाकूड कातून त्यावर लाखेचे रंग चढवले जात. लाकडी फळे आणि भातुकलीचे संच अजूनही तिथली ओळख आहेत. देखणे काम, पण शेतमजुराच्या किंवा कोळ्याच्या घरात हा माल सहजी पोचण्यासारखा नव्हता.

खेळण्याने शिकवावे, आणि तेही ठरवून, हा विचार मात्र बाहेरून आला. फ्रोबेलने १८३७ मध्ये जर्मनीत बालोद्यान सुरू करून चेंडू आणि लाकडी ठोकळ्यांचे संच बनवले. १९०७ मध्ये रोमच्या गरीब वस्तीत मारिया माँटेसरींनी बालगृह उघडले आणि साधनांना शास्त्रशुद्ध माप दिले. त्यांच्या गुलाबी मनोऱ्यात १० घन असतात, सर्वांत लहानाची बाजू १ सेंटिमीटर, सर्वांत मोठ्याची १०. दट्ट्यांच्या पेटीत वेगवेगळ्या मापांच्या भोकांत दट्टे बसवायचे. एक जरी चुकला तरी शेवटी एक दट्टा हातात उरतो किंवा भोकात शिरत नाही, आणि मुलाला आपली चूक आपणच कळते. बाईंनी ‘चुकलं’ म्हणायची गरज नाही. साऱ्या साधनाचे मर्म या एका युक्तीत आहे.

हाच विचार धरून भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये बालमंदिर काढले. पेशाने वकील असलेला हा माणूस मुलांमध्ये इतका रमला की वकिली मागेच पडली. राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजचे प्राचार्यपद सोडून ताराबाई मोडक १९२३ मध्ये त्यांना जाऊन मिळाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. पुढे ताराबाई मुंबईला आल्या आणि १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाला. तिथे मध्यमवर्गाची मुले येत आणि साधने घेणे संस्थेला कसेबसे जमे. पण अचूक मापाचे, गुळगुळीत कातलेले लाकूडकाम महागच असते. खेड्यातली बालवाडी दहा घनांचा मनोरा कुठून आणणार?

हा प्रश्न ताराबाईंनी वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी अंगावर घेतला. १९४५ च्या अखेरीस बोर्डीत ग्राम बालशिक्षण केंद्र सुरू झाले. त्यांच्या जोडीला आल्या अनुताई वाघ. तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत वैधव्य, मग शिक्षण आणि नोकरी असा प्रवास करून पस्तिशीत बोर्डीला पोचलेल्या अनुताई थोड्या दिवसांसाठी आल्या होत्या. १९९२ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा त्या कामाला सत्तेचाळीस वर्षे होत आली होती.

बोर्डीत पहिली अडचण साधनांची आलीच नाही. मुलेच येईनात. आई मजुरीला, थोरली बहीण धाकट्याला कडेवर घेऊन घरी. बालवाडीत पाठवायला वेळ कुणाला? तेव्हा बाई वस्तीवर गेल्या, कुणाच्या तरी अंगणात मुले गोळा केली, अंघोळी घातल्या, केस विंचरले, नखे कापली आणि मग खेळ मांडला. अंगणातली बालवाडी ती अंगणवाडी. १९५७ मध्ये केंद्र कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या मधोमध हलले. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी शाळाच गुरांमागे माळावर नेली, ती कुरणशाळा.

अंगणात दट्ट्यांची पेटी नव्हती. खडे होते, बिया होत्या, शंखशिंपले, पाने, पिसे आणि माती होती. हाताशी असलेल्या या जिनसांतून त्यांनी साधने उभी केली, आणि इथे या दोघींचे खरे कसब दिसते. गरिबीवर पांघरूण घालायला ‘निसर्गातली खेळणी’ म्हणून पानेफुले पसरून ठेवणे सोपे आहे; आजही अनेक ठिकाणी तेवढेच होते. ताराबाईंना माँटेसरींचे साधन आतून ठाऊक होते, म्हणून त्यातले काय टाकून चालेल आणि काय नाही हे त्यांना कळत होते. मनोऱ्याचा गुलाबी रंग वगळता येतो, चढती मापे वगळता येत नाहीत. लाकूड नसले तरी चालेल, पण चूक मुलाला स्वतःला दिसली पाहिजे.

हे तत्त्व एकदा धरले की कोकणातल्या घरात निम्मे सामान आधीच असते. लहानमोठ्या पाच करवंट्या काठ घासून घेतल्या की एकीत एक बसतात, आणि क्रम चुकला की बसत नाहीत. स्टीलच्या डब्यांच्या संचाचेही तसेच. प्रत्येक डब्याला त्याचेच झाकण लागते, शेजारच्याचे लागत नाही. घट्ट बंद केलेल्या दोन सारख्या डब्यांपैकी एकात तांदूळ आणि दुसऱ्यात वाल घातले की कानाला काम मिळते. महागड्या दुकानातला आकार जुळवायचा ‘सॉर्टर’ या डब्याझाकणांहून वेगळे काही करत नाही.

सरसकट सगळे जुने चांगले, असे मात्र समजू नये. लालकाळी गुंज दिसायला मोहक, पण चावली गेली तर जिवावर बेतू शकते. सागरगोटे, चिंचोके, कवड्या हा मोठ्या मुलींचा खेळ. तीन वर्षांखालचे मूल प्रत्येक वस्तू तोंडात घालते. खेळण्यांच्या आजच्या सुरक्षा-मानकात यासाठी एक नळकांडे ठरवलेले आहे, व्यास ३१.७ मिलिमीटर. त्यात जी वस्तू पुरती मावते ती या वयाला द्यायची नाही. सागरगोटा त्यात सहज जातो. पूर्वी अंगणभर माणसांचा वावर असे, कुणाचे तरी लक्ष राही. बंद दाराच्या घरात तो भरवसा नाही.

२ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांपासून सुरू केली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव दिले. ते नाव देशभर गेले. कोसबाडची साधने त्या मानाने गेली नाहीत. पोषण आहार, लसीकरण, वजनाच्या नोंदी, सर्वेक्षणे यांच्या रेट्यात सेविकेला खेळ मांडायला वेळ उरतो तो थोडाच. शालापूर्व शिक्षणाच्या संचासाठी अंगणवाडीमागे वर्षाला ५ हजार रुपये ठरले आहेत. एकगठ्ठा खरेदीत ते बहुधा तक्ते आणि प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांवर जातात, आणि संच मोडू नये म्हणून तो कपाटात राहतो. चाकरमान्याच्या पत्र्याच्या मोटारीचीही हीच गत होती.

टाकाऊतून खेळणी म्हटले की महाराष्ट्रात आज अरविंद गुप्तांचे नाव निघते. आयआयटी कानपूरचे हे अभियंते अनेक वर्षे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत होते. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी जोडून त्यांनी भूमिती हातात दिली. अफाट काम, पण ते शाळकरी वयासाठी. दोन वर्षांच्या हाती काड्या आणि रबरी नळीचे तुकडे देता येणार नाहीत, आणि समाजमाध्यमांवर ‘घरच्या घरी खेळणी’ म्हणून फिरणाऱ्या चित्रफितींत हा फरक फारसा कुणी पाळत नाही.

बोर्लीचा परिसरही बदलला. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच पट्ट्यावर आदळले आणि श्रीवर्धन, दिवेआगरच्या पोफळी आडव्या झाल्या. नव्याने लावलेली पोफळ फळाला यायला पाच-सात वर्षे घेते, आणि अनेक वाड्या अजून सावरत आहेत. विरीची गाडी मिळणे तेवढे दुर्मीळ झाले. उलट बाजारात स्वस्त, बॅटरीवर ओरडणाऱ्या खेळण्यांना तोटा नाही. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह सक्तीचे झाले. नोंदणीकृत कारागिरांच्या हस्तकलेला त्यातून सूट आहे. विकत घेताना ते चिन्ह आणि वयाची सूचना पाहावी. एक बटण दाबले की खेळणेच सगळे करत असेल, तर मुलाच्या हाताला काम उरत नाही, हेही पाहावे.

ठोकळे मात्र विकत घेण्याचे कारण नाही. गावातल्या सुताराकडे चौकटींचे, पाटांचे तुकडे पडलेले असतात. त्यातून घन कापून घेताना सर्वांत लहानाची बाजू ४ सेंटिमीटर ठेवावी आणि पुढचा प्रत्येक घन १ सेंटिमीटरने वाढवत सहा-सात करावेत. कडा आणि कोपरे हाताला टोचणार नाहीत इतके पॉलिशपेपरने घासावेत, कूस उरलेली नाही ना हे कापडाचा तुकडा फिरवून तपासावे आणि रंगाऐवजी खोबरेल तेलाचा हात द्यावा.