ब्लूजॉनची घळ : पावणेतीनच्या अलीकडे आणि पलीकडे

शुक्रवार, २५ एप्रिल २००३, रात्र. युटाच्या वाळवंटात, हॉर्सशू कॅन्यनची पायवाट सुरू होते तिथे एक गाडी उभी आहे. गाडीवाला आरन राल्स्टन, वय २७. इंटेलमधली इंजिनिअरची नोकरी सोडून डोंगरांपायी कोलोरॅडोतल्या अॅस्पेनला येऊन राहिलेला. उद्या नेमकं कुठे उतरणार, हे त्याने कुणालाच सांगितलेलं नाही. माझ्या मते घात इथेच झाला, धोंडा नंतरचा.

शनिवार, सकाळ. सायकलवरून जवळपास २५ किलोमीटर. मग सायकल जुनिपरच्या झाडाला कुलूपबंद करून पायी ब्लूजॉन कॅन्यनकडे. हा रॉबर्स रूस्टचा मुलूख. बुच कॅसिडीसारखे दरोडेखोर इथे दडी मारत, कारण शोधायला येणाराच इथे हरवायचा.

दुपार. वाटेत दोन तरुणी भेटतात, थोडा वेळ सोबत होते. या प्रसंगावरच्या डॅनी बॉयलच्या ‘१२७ अवर्स’ या चित्रपटात (२०१०) हे तिघं निळ्याशार पाण्यात उड्या मारतात. प्रत्यक्षात राल्स्टनने त्यांना कातळ चढण्याच्या एकदोन युक्त्या दाखवल्या, इतकंच. ते पाणी मिडवे गावच्या होमस्टेड क्रेटरमधलं, ब्लूजॉनपासून काही तासांच्या प्रवासावरचं. चित्रपट पाहून घळीत उतरणाऱ्याने ते तिथे शोधू नये.

पावणेतीन. घळ जेमतेम तीन फूट रुंद. भिंतींमध्ये अडकून बसलेल्या धोंड्यावरून तो खाली उतरू लागतो आणि धोंडा सुटतो. उजवा हात भिंतीशी चिरडला जातो. धोंड्याचं वजन सुमारे ३६० किलो. जवळ अर्धा लिटरही पाणी नाही. खायला दोन बरिटो.

रविवार, सोमवार. स्वस्तातल्या मल्टिटूलने दगड टोकरणं. पात्याची धार जाते, दगडाला ओरखडे उठतात. दोर आणि कॅराबिनर जोडून धोंडा उचलायचा प्रयत्न होतो. तो तसूभरही हलत नाही. रात्री थंडीने दात वाजतात. सकाळी थोडा वेळ उन्हाची एक तिरीप आत येते. पोस्टरवर जी तांबूस, लाटांसारखी भिंत मोहक दिसते, तिच्याशी तो उभ्याने बांधला गेलेला.

मंगळवार. पाणी संपतं. आता स्वतःचं मूत्र.

बुधवार, रात्र. आईवडिलांसाठी व्हिडिओवर निरोप. भिंतीवर स्वतःचं नाव, जन्मतारीख आणि मृत्यूची तारीख कोरून झालेली. झोपेच्या गुंगीत त्याला एक लहान मुलगा दिसतो. हा आपला पुढे होणारा मुलगा, असं त्याला वाटतं.

गुरुवार, १ मे, सकाळ. अडकलेला हात कापून सुटायचं, तर बोथट पात्याने हाड कापलं जाणार नाही, हे त्याला केव्हाच कळलेलं. आज सुचतं की ते पिळून मोडता येईल. दोन्ही हाडं मोडल्यावर उरलेलं काम पातं आणि पक्कड करतात. तासभर लागतो.

साडेअकराच्या सुमारास तो मोकळा होतो. (पावणेतीनपासून मोजलं तर हे ११७ तास, चित्रपटाच्या नावातला आकडा मोठा आहे.) मग एका हाताने वीसेक मीटरचं रॅपलिंग, डबक्यातलं गढूळ पाणी आणि रणरणत्या उन्हात चाल. वाटेत नेदरलँड्सचं एक कुटुंब भेटतं. पाणी आणि बिस्किटं देतं.

तीनच्या आसपास हेलिकॉप्टर. ते योगायोगाने आलेलं नव्हतं. राल्स्टन कामावर आला नाही म्हणून चौकशी सुरू झाली, आईने पोलिसांचा पिच्छा पुरवला आणि गाडी सापडली. गाडी सापडली म्हणून शोध या दरीपर्यंत पोचला.

२०१०. बॉयलने काही भाग खऱ्या कॅन्यनमध्ये आणि बराचसा सॉल्ट लेक सिटीत उभारलेल्या सेटवर चित्रित केला. संगीत ए. आर. रहमान यांचं. ऑस्करची सहा नामांकनं मिळाली, पुरस्कार एकही नाही. युटाला मात्र पैसे मोजूनही अशी जाहिरात मिळाली नसती. हात कापण्याचं दृश्य पाहून काही प्रेक्षकांना भोवळ आली, तरी बाहेर पडताना अनेकांच्या डोळ्यांपुढे तांबडा खडकच होता.

सप्टेंबर २०११. चित्रपटामुळे ही जागा मनात भरलेला नॉर्थ कॅरोलिनातला ६४ वर्षांचा एक माणूस, कुणालाही न सांगता, एकटाच लिटल ब्लूजॉनमध्ये उतरला. सुमारे दहा फुटांवरून पडून त्याचा पाय मोडला. पावसाचं पाणी बाटल्यांत भरत तो चार दिवस सरपटत राहिला. शेवटी त्याने कॅमेऱ्याचा फ्लॅश मारला, तेव्हा हेलिकॉप्टरमधल्यांना तो दिसला.