परभाषा केव्हा परकी असते? : रायपूरच्या माधवराव सप्रे यांच्या निमित्ताने

छत्तीसगडातील मराठी भाषकांचा इतिहास सामान्यतः नागपूरकर भोसल्यांच्या राज्यविस्ताराचे उपांग म्हणून सांगितला जातो. १७५८ मध्ये बिंबाजी भोसले यांचा अंमल रतनपूर येथे सुरू झाला, दफ्तरात मराठी भाषा व मोडी लिपी आली आणि १८५४ मध्ये हा प्रदेश नागपूर राज्यासह ब्रिटिशांकडे गेला. राज्य गेले तरी मराठी कुटुंबे राहिली. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी-छत्तीसगढी ऐकत त्यांच्या पिढ्या वाढल्या. अशा माणसाला दुसरी भाषा ‘परकी’ वाटत होती काय, हा प्रश्न मात्र या इतिहासात क्वचितच विचारला जातो.

या प्रश्नाकडे पाहण्यासाठी मानसभाषाविज्ञानातील दोन प्रयोग उपयुक्त ठरतात. कॅथरीन हॅरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये तुर्की-इंग्रजी द्विभाषकांच्या त्वचेची विद्युत्‌वाहकता मोजली. बालपणी ऐकलेल्या दटावणीचे शब्द मातृभाषेत कानी पडताच शरीराचा प्रतिसाद तीव्र होता. नंतर शिकलेल्या इंग्रजीत तो मंदावला. अर्थ दोन्ही भाषांत कळला होता, परंतु अंगाला भिडला तो एकीतच. पुढे २००६ मध्ये स्पॅनिश-इंग्रजी द्विभाषकांच्या अभ्यासात असे दिसले की, ज्यांनी इंग्रजी लहानपणीच आत्मसात केली होती त्यांच्या बाबतीत हा भेद आढळत नाही. मेंदूच्या प्रतिमांचे अभ्यासही याच दिशेने जातात : दुसऱ्या भाषेवर प्रभुत्व वाढते तसतसे तिच्या आकलनात गुंतणारे भाग पहिल्या भाषेच्या भागांशी अधिकाधिक जुळतात. तात्पर्य, परकेपण हा भाषेचा अंगभूत गुण नाही. ती केव्हा आणि कोणत्या सहवासात लाभली, यावर ते अवलंबून असते.

माधवराव सप्रे (१८७१-१९२६) यांचे उदाहरण येथे बोलके आहे. दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे मराठी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. शालेय शिक्षण बिलासपूर व रायपूर येथे झाले. १९०० मध्ये पेंड्रा येथून त्यांनी ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. ‘हिंदी केसरी’तील लेखनामुळे १९०८ मध्ये त्यांना अटक झाली. सुटकेनंतर ते रामदासी वाङ्मयाकडे वळले. ‘दासबोध’ आणि टिळकांचे ‘गीतारहस्य’ त्यांनी हिंदीत आणले. १९२४ मध्ये हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले.

यांपैकी ‘दासबोधा’चा अनुवाद प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. मूर्खलक्षणे सांगणारा हा ग्रंथ श्रोत्याला दटावतो, खडसावतो, जागे करतो. उपरोक्त प्रयोगांनुसार दटावणीच उशिरा शिकलेल्या भाषेत बोथट होते. तेव्हा अनुवादकाची कसोटी केवळ शब्दार्थाची नव्हती. रामदासांचा धाक हिंदीत उरतो की नाही, ही होती. ज्याच्या कानावर हिंदी बालपणापासून पडत आली, त्याला तो धाक दोन्ही भाषांत जोखता येणे शक्य होते. अर्थात, प्रयोगशाळेतील निष्कर्ष एका व्यक्तीवर थेट लादता येत नाहीत. परंतु सप्रे यांनी मातृभाषा सोडून परभाषा जवळ केली, हे गृहीतक तपासून पाहण्यास ते निश्चितच भाग पाडतात.

तौलनिक साहित्याभ्यासात ‘स्रोतभाषा’ व ‘लक्ष्यभाषा’ या संज्ञा दोन भाषांमध्ये स्पष्ट सीमा गृहीत धरतात. रायपूरसारख्या ठिकाणी ही सीमा लेखकाच्या बालपणातच पुसट झालेली असते. आज तेथील एखाद्या मराठी घरात मुलाची खेळण्याची व भांडण्याची भाषा हिंदी असेल आणि मराठी सणावारापुरती उरली असेल, तर त्याच्या बाबतीत दिशा उलटते : सप्रे यांचा हिंदी ‘दासबोध’ त्याला अधिक भिडेल आणि मूळ ओव्या प्रयत्नपूर्वक समजून घ्याव्या लागतील. सप्रे यांचा अनुवाद हिंदी भाषकांबरोबरच अशा मराठी वारसांचाही ग्रंथ ठरतो. म्हणून मराठी वाङ्मयाच्या इतिहासातही त्याची नोंद हवी.