कर्करोगाच्या प्रयोगशाळेतली कुष्ठरोगाची लस

डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिरजेला रुग्णालय उभारलं आणि साऱ्या पंचक्रोशीची पावलं तिकडे वळू लागली. कुष्ठरुग्णांसाठी पुढे त्याच गावात रिचर्डसन रुग्णालय आलं. कॅन्सरचं निदान झालं की मात्र सातारा-सांगलीची माणसं मुंबईला परळ गाठत. तिथं १९४१ पासून टाटा मेमोरियल होतं.

या दोन्ही दुखण्यांचा ध्यास एकाच माणसाने घेतला, तो म्हणजे विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर. १९५२ साली त्यांच्या पुढाकाराने परळला इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर सुरू झालं. तिथं पुण्याच्या कमल रणदिवे यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. शरीराबाहेर, काचेच्या बाटलीत, पोषक द्रव आणि ३७ अंशांची ऊब देऊन पेशी जगवायच्या. एखादा जंतू आत शिरला, की सगळी मेहनत पाण्यात!

१९५८ साली याच संस्थेत एका कुष्ठरुग्णाकडून मिळवलेले जंतू वाढवण्यात यश आलं. संस्थेच्या आद्याक्षरांवरून त्यांना आयसीआरसी म्हणू लागले. १९७९ मध्ये डॉ. माधव देव यांनी गॅमा किरणांनी ते मारून कुष्ठरोगाची लस केली. तमिळनाडूतल्या मोठ्या चाचणीत तिने ६५.५ टक्के संरक्षण दिलं.

कॅन्सरच्या संस्थेने लस दिली ती महारोगावर. तरीही हे काम आडवाटेचं नव्हतं, कारण दोन्हीकडे प्रश्न शरीराच्या प्रतिकारशक्तीचाच होता. कुष्ठरोगाच्या तीव्र प्रकारात शरीर जंतूंशी लढायचंच सोडून देतं. कॅन्सरची पेशी तर आपल्याच रक्तामांसाची, तिच्यावर हत्यार उगारायचं कसं? क्षयाची बीसीजी लस मूत्राशयाच्या कॅन्सरवर उपयोगी पडते, हे १९७६ मध्ये दिसलं आणि जंतूंच्या आणि कॅन्सरच्या संशोधनाची दारं एकमेकांत उघडतात याची खात्री पटली.

आज परदेशात कॅन्सरवरच्या ज्या वैयक्तिक लसींच्या चाचण्या चालू आहेत, त्यांत गाठीचा तुकडा आणि रुग्णाचं रक्त यांतली जनुकं ताडून पाहतात. फक्त गाठीत आढळणारे बदल निवडून त्या एका रुग्णापुरती लस बनवतात. भारतात याच वळणाचा, पण लस नसलेला उपचार प्रत्यक्षात आला आहे: आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलचं नेक्सकार१९. काही रक्तकर्करोगांसाठी त्याला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. रुग्णाच्याच रक्तातल्या, रोगाशी लढणाऱ्या टी-पेशी काढून, त्यांत जनुकीय बदल करून, प्रयोगशाळेत वाढवून त्या परत शरीरात सोडतात. पेशी बाहेर जगवण्याचं रणदिवेंनी रुजवलेलं कसब इथं पुन्हा कामी येतं.

परदेशातल्या उपचाराच्या मानाने याचा खर्च बराच कमी, पण तोही लाखांच्या घरात. ऊस-हळदीवर संसार चालवणाऱ्या कुटुंबाला तो आजही झेपणारा नाही.