गवताचा मालक कोण? मंगोलियाची कुरणे आणि परदेशी मदतीची तीस वर्षे

मंगोलियाच्या १९९२ च्या राज्यघटनेत एक लहानशी तरतूद आहे. नागरिकांना जमीन खाजगी मालकीने देता येईल. मात्र कुरणे त्यातून वगळली आहेत. समाजवाद नुकताच कोसळला होता, कारखान्यांपासून मेंढ्यांपर्यंत सर्व काही खाजगी होत होते, आणि गवत तेवढे सर्वांचे राहिले. पुढच्या तीस वर्षांत पर्यावरण वाचवण्यासाठी जो परदेशी पैसा आला, त्याची गाठ पुन्हा पुन्हा याच अपवादाशी पडली.

हा देश महाराष्ट्राच्या पाचपट मोठा. १९९० च्या सुमारास लोकसंख्या जेमतेम २२ लाख. सामुदायिकीकरणाचा पहिला प्रयत्न १९३२ च्या उठावाने हाणून पाडला होता. तो १९५० च्या दशकाअखेर यशस्वी झाला आणि बहुतेक पशुधन ‘नेगदेल’ नावाच्या सहकारी संस्थांकडे गेले. नेगदेलवर टीका करणे सोपे आहे. पण दूरच्या कुरणांकडे जाण्यासाठी ट्रक, हिवाळ्यासाठी साठवलेले गवत आणि यांत्रिक विहिरी या गोष्टीही तीच पुरवत असे. गवत संपले की कळप घेऊन लांब जाण्याच्या प्रथेला मंगोल लोक ‘ओतोर’ म्हणतात. धनगरांचा वाडा ज्याने चालताना पाहिला आहे, त्याला यामागचे गणित वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

१९९१ मध्ये सोव्हिएत मदत थांबली. देशाच्या उत्पन्नाचा जवळपास एक तृतीयांश आधार एकाएकी निघून गेला. त्याच वर्षी मंगोलिया जागतिक बँक, आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि आशियाई विकास बँकेचा सदस्य झाला. सप्टेंबरमध्ये जपान व जागतिक बँकेच्या पुढाकाराने टोकियोत देणगीदार देशांची परिषद भरली. इकडे नेगदेल मोडले, जनावरे वाटली गेली, ट्रक विकले गेले, विहिरी नादुरुस्त झाल्या. शहरांत बेकार झालेले लोक पशुपालनाकडे वळले आणि दशकभरात पशुपालकांची संख्या दुपटीहून अधिक झाली. रोख पैसा काश्मिरी लोकरीत होता, म्हणून शेळ्या वाढल्या: १९९० मध्ये सुमारे ५१ लाख, तर १९९९ मध्ये १ कोटी १० लाख.

याचा अर्थ कसा लावायचा? त्या काळातील अनेक सल्लागारांच्या मनात गॅरेट हार्डिनचा १९६८ चा निबंध होता. सामायिक कुरणावर प्रत्येक जण एक जनावर अधिक सोडतो आणि अखेर कुरणच संपते, हा त्याचा युक्तिवाद. त्यावरचा उपायही ठरलेला होता: हक्क निश्चित करा, हद्दी आखा. १९९४ आणि २००२ च्या जमीन कायद्यांनी हिवाळी व वसंत ऋतूतील तळांच्या जागांसाठी ताबापत्रांची वाट मोकळी केली. कुरणे मात्र सार्वजनिकच राहिली.

या युक्तिवादाला मोठा छेद गेला तो १९९८ मध्ये. केंब्रिजचे मानववंशशास्त्रज्ञ डेव्हिड स्नीथ यांनी उपग्रहचित्रांच्या आधारे तीन शेजारी प्रदेशांची तुलना केली. रशियाच्या बाजूला सुमारे तीन चतुर्थांश कुरण खालावलेले होते, चीनच्या बाजूला एक तृतीयांशाहून अधिक आणि मंगोलियात सुमारे एक दशांश. रशियात सरकारी शेती होती, चीनमध्ये कुटुंबांना जमिनीचे तुकडे वाटले होते. मंगोलियात कळप अजून फिरत होते. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी पुढल्याच वर्षी ही तुलना उचलून धरली. हार्डिनची चूक अशी, की त्याने कल्पिलेल्या कुरणावर नियम पाळणारा समाजच नव्हता.

तरीही हिवाळा पुस्तके वाचत नाही. १९९९ ते २००२ या काळात सलग तीन हिवाळे ‘झुड’ पडले. खोल बर्फाखाली गवत गाडले गेले तर तो पांढरा झुड; बर्फच पडले नाही आणि जनावरे तहानेने मेली तर काळा; बर्फ वितळून पुन्हा गोठले आणि त्याचे कवच बनले तर लोखंडी. एक कोटीहून अधिक जनावरे दगावली. नेगदेलचे गवत नव्हते, ट्रक नव्हते, आणि नव्याने पशुपालक झालेल्या अनेकांकडे पिढीजात अनुभवही नव्हता.

या आघातानंतर मदतीची भाषा बदलली. स्विस विकास संस्थेने २००४ मध्ये ‘ग्रीन गोल्ड’ प्रकल्प सुरू केला. त्याचा भर मालकीवर नव्हता. कुरण वापरणाऱ्या कुटुंबांचे गट बांधून कोणी, केव्हा, कुठे चारायचे हे त्यांनीच ठरवावे, असा होता. २००६ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने तीन प्रांतांत निर्देशांकाधारित पशुधन विमा आला. भरपाई स्वतःच्या मेलेल्या जनावरांवर ठरत नसे. संपूर्ण तालुक्यातील मृत्युदर ठरावीक मर्यादेपुढे गेला की ती मिळे. म्हणून रात्रंदिवस राबून कळप वाचवणाऱ्याचे नुकसान होत नसे. परदेशी योजनांतील ही सर्वांत शहाणी कल्पना म्हणावी लागेल. तिने कुरण मात्र वाचवले नाही. ते तिचे कामही नव्हते.

वन्यजीवांच्या बाबतीत चित्र अधिक आशादायक आहे. १९६० च्या दशकाअखेर जंगलातून नाहीसा झालेला ‘ताखी’ हा रानघोडा १९९२ मध्ये नेदरलँड्समधून उलानबातरच्या पश्चिमेकडील हुस्ताइ येथे परत आणला गेला. दक्षिण गोबीत १९९८ पासून पशुपालक स्त्रियांच्या लोकरी वस्तू विकत घेण्याची योजना चालू झाली. त्यातली अट कडक होती: परिसरात एकाही हिमबिबट्याची शिकार झाली तर संपूर्ण गटाचा वार्षिक बोनस जाई. याच भागात खाणींच्या परवान्यांविरुद्ध दीर्घ लढा देऊन बायारजार्गल आगवानत्सेरेन आणि स्थानिक पशुपालकांनी २०१६ मध्ये तोस्त अभयारण्य मिळवले. त्यासाठी बायारजार्गल यांना २०१९ चा गोल्डमन पुरस्कार लाभला.

त्याच २०१९ मध्ये देशातील पशुधनाने सात कोटींचा टप्पा ओलांडला. हा आकडा १९९० च्या अडीच पटींहून अधिक आहे, आणि स्नीथ यांनी पाहिलेले कुरण आता तेवढे निरोगी राहिलेले नाही. २०२३-२४ च्या झुडमध्ये ७० लाखांहून अधिक जनावरे मेली. त्याच हिवाळ्याच्या अखेरीस, एप्रिल २०२४ मध्ये, देशाचा ३० टक्के भूभाग संरक्षित करण्यासाठी आंतरराष्ट्रीय संस्थांबरोबर नवा करार झाला. त्या भूभागावरही कळप चरतात.