प्लंकेट सोसायटी : न्यूझीलंडच्या स्त्रियांनी चालवलेली बालआरोग्य चळवळ

न्यूझीलंडमध्ये मूल जन्माला आले की काही आठवड्यांत एक परिचारिका घरी येते. ती बाळाचे वजन करते, उंची मोजते, आईची विचारपूस करते आणि सारे नोंदवहीत लिहिते. तिला तिथे ‘प्लंकेट नर्स’ म्हणतात. ही सेवा मोफत असते आणि तिच्यासाठी सरकार पैसा देते, पण प्लंकेट हे सरकारी खाते नाही. ती एक धर्मादाय संस्था आहे. तिची सुरुवात १९०७ साली झाली आणि पुढे अनेक दशके गावोगावच्या स्त्रियांच्या समित्यांनी ती चालवली. इतिहासात मात्र नाव राहिले ते एका डॉक्टरचे आणि गव्हर्नरच्या एका पत्नीचे.

डॉक्टर म्हणजे सर फ्रेडरिक ट्रुबी किंग. जन्म १८५८, शिक्षण एडिंबरात. १८८९ पासून ते ड्युनेडिनजवळील सीक्लिफ येथील मनोरुग्णालयाचे अधीक्षक होते. रुग्णालयाची स्वतःची शेती होती, गुरे होती. तिथली वासरे हगवणीने मरत, म्हणून किंग यांनी त्यांच्या दुधाचे प्रमाण आणि पाजण्याच्या वेळा तपासल्या, आणि तोच विचार पुढे मानवी बाळांकडे वळवला. त्या काळी उन्हाळा आला की शहरांतून अर्भकांचे जुलाबाने मृत्यू वाढत. आईचे दूध तुटलेल्या बाळाला गाईचे दूध मिळे, आणि ते अनेकदा नासलेले किंवा घाण भांड्यातले असे. स्तनपान हेच उत्तम, ते शक्यच नसेल तर गाईच्या दुधातील घटकांचे प्रमाण बदलून ते आईच्या दुधाच्या जवळ न्यावे, असे किंग सांगत. सीक्लिफमध्ये काम केलेल्या जोआना मॅकिनन या परिचारिकेने ड्युनेडिनच्या गल्ल्यांतून पायी फिरून हे दूध कसे तयार करायचे ते आयांना शिकवले. पहिली प्लंकेट नर्स तीच.

१४ मे १९०७ रोजी ड्युनेडिनमध्ये जाहीर सभा झाली आणि स्त्रिया व मुलांच्या आरोग्यासाठी संस्था स्थापन झाली. गव्हर्नर लॉर्ड प्लंकेट यांच्या पत्नी लेडी व्हिक्टोरिया प्लंकेट या आठ मुलांच्या आई होत्या. त्यांनी संस्थेला आश्रय दिला, तिच्यासाठी दौरे केले. त्यांच्यावरून परिचारिकांना ‘प्लंकेट नर्स’ हे नाव पडले आणि लोकांच्या तोंडी संस्थाही प्लंकेटच झाली. अधिकृत नावात हा शब्द यायला १९८० साल उजाडले.

सभा एका दिवसाची असते. परिचारिकेचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो. तो भाग स्त्रियांनी उचलला. १८९३ मध्ये न्यूझीलंडच्या स्त्रियांना मतदानाचा हक्क मिळाला होता आणि त्या लढ्याने सभा घेणे, अर्जविनंत्या करणे, वर्गणी जमवणे यांचा सराव झालेली एक पिढी तयार झाली होती. सरकार परिचारिकांच्या पगाराचा काही भाग देई. उरलेला पैसा केकचे स्टॉल, जत्रा, नाचाचे कार्यक्रम, फुलांची प्रदर्शने आणि दारोदारची वर्गणी यांतून उभा राहिला. गावात परिचारिकेला बसायला जागा हवी, म्हणून ‘प्लंकेट रूम’ आल्या. बाजारहाटासाठी शेतावरून आलेली बाई तिथे टेकत असे, बाळाला पाजत असे, वजन करून घेत असे. ही खोली भाड्याने घ्यायची की बांधायची, तिथल्या तराजूला पैसे कुठून आणायचे, हे त्या गावची समितीच ठरवी. समितीतल्या बहुतेक बाया मध्यमवर्गीय, सुस्थित घरांतल्या होत्या हे खरे. पण परिचारिकेने पैसे न घेता कोणत्याही आईकडे जायचे, हा नियम त्यांनी पाळला.

ट्रुबी किंग यांच्या पत्नी इझाबेला यांचे कामही असेच मागे राहिले. ‘हायजिया’ या टोपणनावाने त्यांनी वर्तमानपत्रात बाळांच्या संगोपनावर साप्ताहिक सदर चालवले आणि ते देशभरातील अनेक पत्रांनी छापले. १९१२ मध्ये किंग यांनी सरकारच्या पाठबळाने देशभर व्याख्यानांचा दौरा केला आणि त्यानंतर शाखांची संख्या झपाट्याने वाढली. १९१३ मध्ये त्यांचे बालसंगोपनाचे पुस्तक आले. अशक्त बाळांसाठी ‘कॅरिटेन’ नावाची रुग्णालये निघाली आणि कालांतराने ती सहा शहरांत झाली. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस किंग यांना लंडनला बोलावले गेले आणि ही पद्धत ब्रिटिश साम्राज्यात पसरली.

पद्धत कडक होती. चार तासांनी दूध, रात्री नाही, मोकळी हवा, ठरलेली झोप, फार कडेवर घेणे नाही. बाळ रडत असताना घड्याळाकडे बघत बसलेल्या आणि परिचारिकेपासून लपवून रात्री पाजणाऱ्या आयांच्या आठवणी न्यूझीलंडमध्ये पुष्कळ सांगितल्या जातात. किंग यांच्या विचारांची दुसरी बाजूही लपवण्यासारखी नाही. मुलींचे उच्च शिक्षण त्यांच्या मातृत्वाला बाधते, असे ते जाहीरपणे म्हणत. त्यांची बाळांविषयीची कळकळ साम्राज्य आणि गोरा ‘वंश’ बलवान करण्याच्या चिंतेशी जोडलेली होती. १९३८ मध्ये ते वारले तेव्हा त्यांना शासकीय इतमामात निरोप दिला गेला. १९५७ मध्ये संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी त्यांचे टपाल तिकीट निघाले.

आकडे मोठे बोलके वाटतात. १९०७ मध्ये न्यूझीलंडमध्ये दर हजार जन्मांमागे सुमारे ८८ अर्भके वर्षाच्या आत दगावत होती. तीस वर्षांत हा आकडा ३२ च्या आसपास आला. हा देश बाळांसाठी जगातला सर्वांत सुरक्षित देश म्हणून मिरवू लागला आणि श्रेय प्लंकेटला मिळाले. इतिहासकार लिंडा ब्रायडर यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संस्थेच्या इतिहासात या श्रेयाला मर्यादा घातली आहे. मृत्यूदर संस्थेच्या आधीपासूनच उतरत होता. कुटुंबे लहान होत होती, राहणीमान सुधारत होते. प्लंकेटचे खरे यश आयांना मिळालेल्या आधारात आणि सरकारपुढे त्यांचा आवाज पोहोचवण्यात होते, असा त्यांच्या मांडणीचा रोख आहे. तो पटण्यासारखा आहे.

पण त्या आकड्यात आणखी एक गोष्ट दडली आहे. त्यात माओरी बाळे नव्हती. माओरी हे या भूमीचे मूळ रहिवासी, आणि त्यांच्या जन्ममृत्यूची नोंद सक्तीची झाली ती १९१३ मध्ये. त्यानंतरही ज्या दराचा जगभर डंका वाजला तो माओरींना वगळून काढलेला होता. माओरी अर्भकांचा मृत्यूदर त्याच्या कितीतरी पट होता. आरोग्य खात्याने माओरी वस्त्यांचे काम स्वतःच्या परिचारिकांकडे ठेवले आणि प्लंकेटने ती वाटणी मान्य केली. काही शाखा माओरी बाळांनाही पाहत, तरी एकूण व्यवस्था वेगळी राहिली. खात्याच्या परिचारिका मोजक्या होत्या आणि त्यांच्यावर साथीच्या रोगांपासून बाळंतपणापर्यंत सगळ्याचा भार होता. ‘बाळे वाचवा’ म्हणणाऱ्या देशात कोणाची बाळे मोजायची हे असे ठरले.

माओरी स्त्रिया मात्र थांबल्या नाहीत. १९३७ मध्ये रोटोरुआ येथे रुबी कॅमरन या जिल्हा परिचारिकेसोबत तिथल्या माओरी स्त्रियांनी स्वतःची आरोग्य संघटना उभी केली. १९५१ मध्ये माओरी विमेन्स वेल्फेअर लीग स्थापन झाली आणि फिना कूपर तिच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. (१९७५ मध्ये वयाच्या ७९ व्या वर्षी जमिनीच्या हक्कासाठी निघालेल्या लाँग मार्चचे नेतृत्व करणाऱ्या त्या याच.) घरे, बाळांचे आरोग्य, मुलांचे शिक्षण हे लीगचे विषय होते. लीगच्या स्त्रियांनी घरोघर जाऊन माओरी स्त्रियांच्या आरोग्याची पाहणी केली आणि ती १९८४ मध्ये ‘रापुओरा’ नावाने प्रसिद्ध झाली. प्रश्न विचारणाऱ्याही त्याच समाजातल्या होत्या, हे त्या पाहणीचे वेगळेपण.

प्लंकेटही बदलली. १९३९ ते १९५५ या काळात डॉ. हेलन डीम वैद्यकीय सल्लागार होत्या. त्यांनी न्यूझीलंडच्या बाळांची प्रत्यक्ष वजने अभ्यासली आणि पाजण्याच्या कडक नियमांना सैल केले. कॅरिटेन रुग्णालये १९७० च्या दशकाच्या अखेरीस बंद होऊ लागली. १९८१ पासून स्वयंसेविकांनी मोटारीतील बाळांच्या खुर्च्या भाड्याने द्यायला सुरुवात केली. ज्यांना नवी खुर्ची परवडत नव्हती त्यांच्यासाठी ही मोठी सोय होती. १९९० च्या दशकात रात्री-अपरात्री फोन करता येईल अशी मदतवाहिनी आली. झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण तिथे जगात फार वरचे होते. बाळाला पालथे झोपवणे, घरातले धूम्रपान आणि स्तनपानाचा अभाव यांचा त्याच्याशी संबंध संशोधनातून स्पष्ट झाला. १९९१ पासून ‘बाळाला पालथे झोपवू नका’ हा संदेश घरोघर गेला आणि मृत्यू खूप घटले. माओरी घरांत मात्र घट कमी झाली. त्यावर माओरी डॉक्टर आणि विणकर स्त्रियांनी २००६ च्या सुमारास ‘वहाकुरा’ पुढे आणला. स्थानिक पातीच्या पानांची ही विणलेली टोपली पालकांच्या बिछान्यातच ठेवतात. बाळ आईजवळ झोपते आणि त्याची जागाही वेगळी राहते. वेगळा पाळणाच हवा, हा हट्ट त्यात नाही.

२०१८ मध्ये प्रादेशिक संस्था एका राष्ट्रीय न्यासात विलीन झाल्या. आजी-पणजींनी केक विकून बांधलेल्या प्लंकेट रूमचे काय होणार, हा प्रश्न काही गावांत जिव्हारी लागला. त्यानंतर संस्थेने ‘फानाउ आफिना प्लंकेट’ हे नाव घेतले. माओरी भाषेत फानाउ म्हणजे विस्तारित कुटुंब, आणि आफिना म्हणजे मदत.