मायको निधी: खंडणीच्या पैशातून शिक्षकांची शाळा

सतराव्या शतकात उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील चाचे युरोपीय जहाजे लुटून त्यांवरील खलाशांना अल्जिअर्ससारख्या बंदरांत गुलाम म्हणून विकत असत, आणि अशा कैद्यांना खंडणी भरून सोडविणे हे इंग्लंडमध्ये पुण्यकर्म मानले जाई. लंडनमधील धनिक व्यापारी सर सॅम्युएल मायको यांच्या विधवा लेडी जेन मायको यांनी १६७० च्या मृत्युपत्रात या कामासाठी १,००० पौंड ठेवले. सर सॅम्युएल यांच्या पुतण्याने लेडी मायको यांच्या भाचीशी विवाह केल्यास त्याला मिळावयाच्या रकमेतील हा वाटा होता आणि त्याने विवाहास नकार दिल्यामुळे तो लेडी मायको यांच्याकडे आला, असे सांगितले जाते.

पुढे चाचेगिरी ओसरली आणि १८३० मध्ये फ्रेंचांनी अल्जिअर्स जिंकल्यावर सोडविण्याजोगे कैदीच उरले नाहीत. मुद्दल मात्र व्याजाने वाढत लाख पौंडांच्या पलीकडे गेले होते. धर्मादाय दानाचा मूळ हेतू साधणे अशक्य झाल्यास ते त्याच्या निकटतम हेतूकडे वळवावे, असे इंग्रजी कायद्यातील एक तत्त्व आहे. गुलामगिरीविरोधी खासदार थॉमस फॉवेल बक्स्टन यांच्या प्रयत्नाने त्या तत्त्वानुसार हा निधी ब्रिटिश वसाहतींमधील मुक्त गुलामांच्या शिक्षणाकडे वळविण्यात आला.

१ ऑगस्ट १८३४ रोजी या वसाहतींतील गुलामांच्या मुक्तीचा कायदा अमलात आला, तरी बहुतेक ठिकाणी मोठ्या वयाच्या मुक्त गुलामांना 'उमेदवारी'च्या नावाखाली जुन्याच मालकाकडे आठवड्याचे बरेचसे तास विनावेतन राबावे लागे. ही पद्धत १८३८ मध्ये संपली. याच संक्रमणकाळात निधीने जमैका, अँटिग्वा, सेंट लुशिया, त्रिनिदाद अशा अनेक वसाहतींत शाळा काढल्या आणि त्यांच्यासाठी शिक्षक घडविणाऱ्या, म्हणजेच तेव्हाच्या भाषेत 'नॉर्मल', शाळाही चालविल्या. बहुतेक शाळा एखाद्या मिशनच्या हाती असताना या शाळा कोणत्याही एका ख्रिस्ती पंथाला बांधलेल्या नव्हत्या. त्यामुळे कॅथलिकबहुल सेंट लुशियातही त्यांना स्थान मिळाले.

या कामाला मिळणारे ब्रिटिश संसदेचे साहाय्य १८४५ मध्ये थांबल्यावर निधीला बहुतेक प्राथमिक शाळा सोडाव्या लागल्या, परंतु शिक्षक-प्रशिक्षण टिकले. प्राथमिक शाळा बंद पडली की तिचा लाभ तेथेच संपतो. प्रशिक्षित शिक्षक मात्र जाईल तेथे दुसरी शाळा उभी करतो, आणि म्हणूनच या निधीचा वारसा इमारतींपेक्षा माणसांत अधिक दिसतो. जमैकातील किंग्स्टनमध्ये निधीने १८३६ साली सुरू केलेली शिक्षक-प्रशिक्षण संस्था आज मायको युनिव्हर्सिटी कॉलेज म्हणून चालू असून, स्वतंत्र जमैकाचे पहिले जमैकन गव्हर्नर-जनरल क्लिफर्ड कॅम्पबेल हे तिथेच शिकलेले शाळामास्तर होते.